आठची लॅटिन मिस्सा

१ सप्टेंबर, सोमवार

अहवालात स्वतःचं मत लिहायचं नसतं, म्हणून ही वही काढली.

काल चर्चच्या पॅरिश कौन्सिलची बैठक झाली. बिशपांचं पत्र आलं आहे. आपल्या बाजूच्या चॅपलमध्ये दर रविवारी आठ वाजता जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा-प्रार्थना होते, ती चालू ठेवावी की बंद करावी, याचा अहवाल पंचवीस तारखेपर्यंत पाठवा. मतं पडली पाचास पाच. फादरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाई लिहितील. त्यांचं अक्षर तरी लागतं." सगळे हसले. मी नाही.

काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. बंद करा. तीसेक माणसांसाठी वेगळी वेळ, वेगळी भाषा, वेगळे नियम – एका घरात दोन चुली कशाला?

अडचण एकच. त्या मिस्सेला वेदीपाशी सेवा करतो, घंटा वाजवतो, फादरांना लॅटिनमध्ये उत्तरं देतो, तो माझा धाकटा भाऊ आहे. वय बहात्तर. गुडघे गेलेले.

३ सप्टेंबर

मुद्दे काढायला बसले.

चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिले. डॉक्टर चिठ्ठीवर लॅटिनची दोन-तीन अक्षरं खरडायचे. मी पाकिटावर लिहायची – दिवसातून तीनदा, जेवल्यावर. ज्याच्या पोटात जायचं आहे त्याला कळलं पाहिजे. प्रार्थनेचं वेगळं काय?

मी विशीत असताना मिस्सा आपल्या भाषेत आली. फादर वेदीमागे गेले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. त्या वर्षी आमच्या चर्चमध्ये शास्त्रवाचनाला उभी राहिलेली पहिली बाई मी. घरी आल्यावर आई भांडी तशीच टाकून स्टुलावर बसली. म्हणाली, "एवढी वर्षं हे असं म्हणत होते होय!" तिला तेव्हा बावन्न वर्षं झाली होती. बावन्न वर्षं फादरांच्या पाठीकडे बघत माळ ओढली होती तिनं.

हे अहवालात बसणार नाही. पण हाच मुद्दा आहे.

५ सप्टेंबर

धाकटा आला होता. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे कुठेही गेला तरी काहीतरी उघडून बसतो. आज माझा मिक्सर.

"लिहिलंस?"

"लिहीन."

"बंद करा म्हणून?"

तो स्क्रू बशीत ठेवत राहिला. "तीस माणसं आहेत ताई. कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात."

"तुमच्यातला तो हवालदार पत्रकं वाटतो. आमची मिस्सा दुय्यम म्हणून."

निवृत्त पोलीस आहे, म्हणून सगळे त्याला हवालदारच म्हणतात. धाकटा हसला. "तो मूर्ख आहे. वर जाणाऱ्या माणसालाही खालचं बटण दाबायला लावेल."

"आणि तू? तुला तरी सगळ्या ओळींचा अर्थ येतो का?"

"निम्म्यांचा येतो. उरलेल्या ज्याच्यासाठी आहेत त्याला येतात."

निघताना दारात थांबला. "तुला सगळं कळतं, म्हणून तुला वाटतं, सगळं कळायलाच हवं. एकदा येऊन तर बस. पण पुढे बस, मागे नको."

"वेदीपुढच्या कठड्याच्या कुठल्या बाजूला?" मी म्हटलं.

त्याला ते लागलं. चपला घालून निघून गेला.

मिक्सर चालतो आहे.

७ सप्टेंबर, रविवार

गेले. मागेच बसले, मांडीवर वही घेऊन. माणसं चौतीस. त्यातली निम्मी तरी चाळिशीच्या आतली – हे मला ठाऊक नव्हतं. मिस्सा म्हणणारे फादर ब्याऐंशी वर्षांचे, निवृत्त. बोलतात ते आपल्याशी नाही. बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मला खोकला आला तर मी तो दाबला.

वेदीपुढे तो लाकडी कठडा. गुडघ्याएवढा. मोठ्या चर्चमधला काढून टाकला, इथला राहिला.

मी अकरा वर्षांची होते, धाकटा आठ. त्याला सेवक म्हणून घेतलं होतं आणि उत्तरं पाठ होत नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तिका धरून मी फादरांची वाक्यं म्हणायची, तो उत्तर द्यायचा. महिन्याभरात मला दोन्ही बाजू पाठ झाल्या. एका रविवारी तो तापानं पडला तेव्हा मी जाऊन सांगितलं, मला येतं सगळं. तेव्हाचे फादर वाईट नव्हते. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कठड्याच्या आत मुली येत नाहीत, बाळ."

धाकटा आत वेदी आवरत होता. बाहेर भाची भेटली – धाकट्याची मुलगी, दातांची डॉक्टर, डोक्यावर जाळीचा रुमाल. माझ्या आईनं तसला रुमाल टाकून दिला तेव्हा केवढं मोकळं वाटलं होतं तिला!

"आत्या, कशी वाटली?"

"शांत."

"मी दिवसभर बोलत असते. तोंड उघडा, दुखतंय का, चूळ भरा. दहाच्या मराठी मिस्सेलाही सगळे सारखे काहीतरी समजावून सांगत असतात. आठवड्यातून एक तास मला कोणी काही समजावू नये, एवढंच."

लिहून घेतलं. मत बदललेलं नाही.

९ सप्टेंबर

धाकट्याला झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

१२ सप्टेंबर

जिवाचा धोका टळला म्हणतात. औषधांचा तक्ता मी तपासला, नर्सला आवडलं नाही. ठीक आहे.

माणसं ओळखतो. समजतंही बरंचसं. पण बोलायला जातो आणि सगळ्याला एकच – "ते, ते, ते." पाणी म्हणजे ते, भावजय म्हणजे ते, मी म्हणजे ते. मग चिडतो, डाव्या हातानं चादर ओढतो. भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी विचारा त्यांना काय हवंय. तुमचं ऐकायचे." विचारलं. ते, ते.

माझ्याशी शेवटचं धड वाक्य बोलला ते दारात. त्यावर मी काय म्हटलं, ते वर लिहिलंच आहे.

१६ सप्टेंबर

म्हातारे फादर आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावायला आले. त्यांना बसायला मी माझी खुर्ची दिली. सवयीनं त्यांनी लॅटिनमध्येच सुरुवात केली – दोमिनुस वोबिस्कुम. प्रभू तुमच्याबरोबर असो.

"एत कुम स्पिरितु तुओ."

धाकटा. स्पष्ट. जड जिभेनं, पण एकही अक्षर न गाळता. तुमच्या आत्म्याबरोबरही.

भावजयीनं हातातला पेला खाली ठेवला. फादर थांबले नाहीत, पुढचं म्हणत राहिले. धाकटा उत्तर देत राहिला.

१७ सप्टेंबर

भावजयीच्या तोंडी चमत्कार हा शब्द दहा वेळा आला. मी वाचा-उपचारवाल्या बाईंना गाठलं. तिशीतली मुलगी, हुशार आहे. म्हणाली, लहानपणी घोकलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. पाढे, वार, प्रार्थना – शिव्यासुद्धा.

शिव्यांचं खरं आहे. सकाळी वॉर्डबॉयनं पाय आपटला, तेव्हा धाकट्यानं एक शुद्ध ठेवणीतली काढली. भावजय लाजून गॅलरीत गेली.

संध्याकाळी मी खातरजमा केली. "बे एके बे," म्हटलं. बे दाहे वीसपर्यंत गेला. म्हणजे चमत्कार नाही. माझं सगळं आयुष्य मी याला पाठांतर म्हणत आले, ते पाठांतरच आहे.

पण मग मिस्सेतल्या दोन ओळीही म्हणून बघितल्या, आणि एक फरक लिहून ठेवते. पाढा त्यानं छताकडे बघत म्हटला आणि संपल्यावर डोळे मिटले. मिस्सेतलं उत्तर देतो ते तोंडाकडे बघून. आणि देऊन झालं की थांबतो. पुढची ओळ माझी असते.

१९ सप्टेंबर

त्याच्या हत्यारांच्या पेटीत पुस्तिका सापडली. तीच, निळ्या कव्हरची. आत चर्चचा शिक्का. चौसष्ट वर्षांत परत केलेली नाही!

पलंगाशेजारी बसले आणि पहिल्यापासून सुरू केलं. फादरांची वाक्यं मी, उत्तरं तो. एक ओळ माझ्याकडून सुटली. त्यानं पलंगाच्या दांडीवर डावा हात आपटला. मागे आले, म्हटली, मग पुढे गेला.

नंतर पापांगीकाराची लांब प्रार्थना. त्यात ओळीनं संतांची नावं येतात. धन्य कुमारी मरियेनंतर मिखाएल महादूत. लहानपणी तो मिखाएलला दर वेळी गाळायचा आणि मी टेबलाखालून लाथ मारायची. आजही मरियेवरून थेट पुढे उडी मारली – आणि थांबला. चुकलं हे त्याला कळलं. माझ्याकडे बघत राहिला.

मी मिखाएल सांगितला.

तोंडाची डावी बाजू हसली. डावा हात तीनदा छातीवर टेकवून त्यानं प्रार्थना पुरी केली.

दहा दिवसांत आम्ही एकमेकांशी पहिल्यांदा बोललो.

२१ सप्टेंबर, रविवार

भाचीला विचारलंच. "माझा भाऊ बोलतो म्हणून मी मत बदललं, तर ते मत कसलं? तो स्वार्थ झाला."

ती बापाची नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तुला कठड्याच्या आत घेतलं नाही, त्यातून जे मत झालं, ते काय होतं आत्या?"

तिला कोणी सांगितलं ते विचारलं नाही. एकाच माणसाला माहीत होतं.

घरी चालत आले. आईचं "होय!" खरं आहे. ते मी सोडणार नाही. दहाच्या मिस्सेत मी वाचते आणि वाचत राहीन. पण ज्याला कळतं त्याच्यासाठीच प्रार्थना, असं म्हटलं तर आज धाकटा कुठे बसतो? उद्या मी कुठे बसेन?

२४ सप्टेंबर

अहवाल दिला. दोन पानं. आठची मिस्सा चालू ठेवावी. पत्रकं बंद. महिन्यातून एकदा ती आपल्या फादरांनी म्हणावी, म्हणजे दोन चुली राहणार नाहीत. चौतीस माणसं, त्यांची वयं, दोन्ही बाजूंच्या तक्रारी – सगळं जसंच्या तसं.

शेवटी लिहिलं: "अहवाल लिहिणारीचा भाऊ तेथे सेवक होता. तसेच अहवाल लिहिणारीला लहानपणी कठड्याच्या आत येऊ दिले नव्हते. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून हे वाचावे."

फादरांनी वाचलं. "हे शेवटचं ठेवायचंच का, बाई?"

"पाकिटावर आत काय आहे ते लिहावं लागतं," मी म्हटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

बिशपांचं उत्तर आलं. अहवालाबद्दल आभार. आठची मिस्सा एक तारखेपासून बंद. कारणं दिली आहेत, सभ्य भाषेत आहेत, त्यातली दोन कौन्सिलमधल्या माझ्याच जुन्या भाषणातली वाटतात. हवालदाराची पत्रकं नसती तर काय झालं असतं, कोण जाणे.

आज शेवटची. सेवक कोणी नव्हता. हवालदार पुढे झाला, तर म्हाताऱ्या फादरांनी हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. जुन्या नियमात आहे म्हणे – उत्तरं पाठ असलेला पुरुष नसेल तर बाईनं ती द्यावीत, कठड्याबाहेरून. चौसष्ट वर्षांनी परवानगी, आणि तीही बाहेरून!

पुढे जाऊन कठड्याला टेकून गुडघ्यांवर बसले. पुस्तिका उघडली नाही. मिखाएल गाळला नाही.

३० सप्टेंबर

बिशपांच्या कार्यालयातला कारकून यादी घेऊन आला. चॅपलमधल्या वस्तू सेक्रेटरीनं सुपूर्द कराव्यात, असा आदेश. केल्या.

वेदीवरचा मोठा लॅटिन ग्रंथ – एक. शिवण सैल.
चौकटीतले प्रार्थनांचे तक्ते – तीन.
घंटा – एक. मूठ माझ्या भावानं दुरुस्त केलेली.
चॅपलची किल्ली – एक.

त्याच्या यादीत शेवटी होतं: सेवकासाठी उत्तरांची पुस्तिका, निळी – एक. "ही दिसत नाही, बाई."

पेन मागून घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहून सही केली. दिली नाही. वापरात आहे.