गाईचं तेवढं बघ

५ जून

चि. बंड्यास, अनेक आशीर्वाद वि. वि.

सगळ्यांच्या कवळ्या करतोस आणि स्वतःची दाढ काढायची म्हटली की तोंड लपवतोस. काढलीस का?

सोबत खोकं पाठवते आहे. त्यात आपला खेळण्यातला गोठा आहे. पत्र्याचं छप्पर, कुंपण, लाकडाच्या दोन मेंढ्या आणि गाय. आपण ज्यासाठी झिंज्या उपटायचो तोच, पुढे माझ्या चिमणीनं घेतलेला. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता हे तिच्या खोलीला रंग काढताहेत, आणि वाद घालायचं त्राण माझ्यात नाही. तुझ्या कपाटात जुनी खेळणी सुखानं नांदतात, म्हणून तुझ्याकडे. रंगाचा वास गेला की न्यायला येईन. गाय मी रोज हातात घेते, तेव्हा गाईचं तेवढं बघ.

माया आहेच, दाढ काढलीस तर वाढेल.

तुझी ताई

१९ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

खोकं उघडलं आणि कामच विसरलो. मी वाकवलेला छपराचा कोपरा अजून तसाच! इतकी वर्षं जमवतोय, पण असा पुरा गोठा कुठे मिळाला नव्हता. मेंढी तरी हरवलेली, नाहीतर कुंपण.

तू म्हणालीस म्हणून आधी गाय घेतली. उंदरांनी पाठ पार कुरतडली होती बिचारीची. घासून साफ केली, कवळीच्या हिरड्यांना वापरतो तो मसाला भरला, वर तपकिरी ठिपके जुळवले. पैज लावतो, तुला जागा सापडणार नाही.

दाढ अजून आहे, तरी माया कमी करू नये.

बंड्या

२७ जून

चि. बंड्यास, आशीर्वाद.

उंदीर नव्हते रे. चिमणीला दात येत होते तेव्हा दिवसभर ती गाय तिच्या तोंडात असायची. तिचे फ्रॉक आहेत, फोटो आहे, पण तिनं स्वतः केलेली खूण तेवढीच होती. दुसरं काही करण्याएवढी ती मोठीच झाली नाही.

जन्मभर दात बघतोस तू. तुला कळलं नाही?

बघ म्हणजे सांभाळ, असं म्हणायचं होतं मला. पण आपल्या घरात नळाचं बघ, बाबांच्या चष्म्याचं बघ म्हटलं की तू पक्कड घेऊनच धावायचास. तुला काय बोलू? मला रडूसुद्धा येत नाही.

ताई

४ जुलै

ती. ताईस, सा. न.

मसाला कोरून काढला. पण भरण्याआधी मीच घासलं होतं, त्यामुळे खाली काही उरलेलं नाही.

मी पुन्हा करतो, ताई. कोणाचेही दात मी हुबेहूब उठवतो, दुधाचेसुद्धा. फक्त सांग, वरच्या दोन दातांत फट होती का? डावा जरा तिरपा होता ना? माझ्याकडच्या फोटोत तिचं तोंड मिटलेलं आहे. एवढं करू दे मला, पाया पडतो.

बंड्या

११ जुलै

चि. बंड्यास,

खोलीचा रंग झाला. पांढरा दिलाय. तुझं पत्र घेऊन तिथेच बसले होते.

फट होती की नव्हती, मला आठवत नाही. तिरपा होता का, तेही नाही. आठवायची वेळच कधी आली नव्हती. गाईच्या पाठीवर अंगठा ठेवला की कळायचं.

गाय परत पाठवू नकोस. गोठा तुझ्या कपाटात मांड, पुरा आहे.

लोभ आहे तसा असू दे. त्याला आता हात लावू नकोस.

ताई