'रिकामं' म्हणू नये

१६ नोव्हेंबर १९३१, सोमवार

रत्नागिरीला पोचलो. बोट बाहेर खोल पाण्यात थांबली आणि तिथून पडावात बसून आम्ही मांडवीच्या धक्क्याला लागलो. सगळी बोट ओकत होती, आणि सातवा महिना लागलेली आमची विमला मात्र शेंगा खात उभी! मीच तिच्या खांद्यावर डोकं टाकून आलो. हे ती आता जन्मभर चारचौघांत सांगणार.

रावजी तांडेल स्वतः न्यायला आले होते. साठीचे गृहस्थ, सगळी हयात जहाजावर गेलेली. बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना त्यांच्याकडे आहे, पण मिस्त्री मिळत नव्हता. मी पुण्याच्या छावणीत बारा वर्षं हत्यारं तपासली आणि मंदीत घरी बसलो. दोघांचीही अडचण भागली. पडवीत दुकान, मागे आम्हाला दोन खोल्या, अंगणात विहीर आणि कोंबड्यांचं खुराडं. घर सांभाळते ती रावजींची विधवा बहीण मालन. तिने आल्या आल्या विमलेला सोलकढी पाजली. आमची आधीची दोन पोटातच गेली. हे तिसरं इथल्या हवेत सुखरूप जन्माला येऊ दे, एवढंच मागणं आहे.

१८ नोव्हेंबर

पहिलं काम खुद्द रावजींचं. विलायती पिस्तूल, वीसेक वर्षांपूर्वीचं, मुठीत सात काडतुसांचं मॅगझिन. तक्रारी दोन. तिसरं काडतूस वर चढताना नाक खाली घालतं आणि अडतं. आणि उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर न पडता आतच बसून राहते.

मॅगझिन उघडलं आणि हसूच फुटलं. दर दसऱ्याला पूजा, हळदकुंकू आत, आणि वर गंज चढू नये म्हणून खोबरेल! सगळ्याचा चिकट लगदा झालेला. भरून ठेवल्यामुळे स्प्रिंग वर्षानुवर्षं दाबलेली, तिच्यात दम नाही. काडतूस धरणाऱ्या वरच्या दोन कडांना आम्ही ओठ म्हणतो. त्यांतला एक वाकडा. रॉकेलमध्ये सगळं धुऊन काढलं.

काम संपलं की आमची छावणीतली शिस्त असते. नळीमागे काडतूस बसतं त्या जागेला आम्ही घर म्हणतो. ते डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, "घर रिकामं!" म्हटलं नाही तर तपासलंच नाही, असा साहेबाचा हुकूम. बारा वर्षांत जीभ त्याला इतकी सरावली आहे की माझं मला कळतही नाही.

आज म्हटलं तशी मालनबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "मिस्त्री, तो सबूद काडू नका हो ह्या घरात. भरलंय म्हनायचं." इथे तांदूळ संपले तरी भरले म्हणतात म्हणे. मी म्हटलं, बाई, चुलीपाशी ते ठीक आहे, पिस्तुलाच्या बाबतीत असं उलटं बोललं तर कुणाचा तरी जीव जाईल. तिचं तोंड एवढंसं झालं. जरा जास्तच बोललो.

२० नोव्हेंबर

ओठ पकडीने सरळ केला, नवी स्प्रिंग घातली. लाकडी काडतुसं करून चढवून बघितली, सातही अलगद चढली. मग ऐटीत मागच्या अंगणात वाळूच्या ढिगावर खरी उडवायला घेतली, आणि तिसरं अडलंच. पुंगळीही आत. नळीतून गज घालून काढावी लागली. बघितलं, चाचपलं, म्हटलं.

दुपारी मालनबाईने खुराडं उघडलं तर नऊच्या नऊ कोंबड्या नाहीत. कडी बाहेरून लावलेली, आत एक पीस नाही. रावजी म्हणाले, मुंगूस असेल. मालनबाई माझ्याकडे बघत राहिली.

२३ नोव्हेंबर

पुंगळी मागे ओढणारी नखी झिजली होती. काल दिवसभर कानस घेऊन नवी घासली, बसवली. दोष सापडला म्हणून खुशीत होतो.

आज सकाळी पिस्तुलाची कुलुपाची पेटी उघडली. किल्ली माझ्या कडदोऱ्याला असते. पिस्तुलाच्या घरात काडतूस. मी स्वतः काढलं होतं. पुन्हा काढलं, बघितलं, चाचपलं, म्हटलं. आणि बघतो तर पुन्हा आत एक. न उडालेलं, तरी हाताला गरम लागलं.

दुपारी विहिरीत पोहरा सोडला तो नुसता खडकावर आपटला. शेजारच्या विहिरी भरलेल्या आहेत. मी भित्रा माणूस नाही, पण आज जेवण गेलं नाही.

२५ नोव्हेंबर

रावजींना समोर बसवून विचारलं. ते रडायला लागले.

पिस्तूल त्यांच्या धाकट्या भावाचं, धोंडूचं. कुठल्याशा बंदरात घेतलेलं. घरी आल्यावर बायकोला, कमळाला, गमतीने दाखवत होता. ती घाबरली. रिकामं आहे गं, म्हणाला, आणि चाप ओढला. कमळाला आठवा महिना होता. धोंडू त्याच दिवशी समुद्रात चालत गेला तो परत आला नाही. तेव्हापासून त्या पिस्तुलापुढे कुणी तो शब्द काढला, की खोटा पडलेला शब्द खरा करायला ते घरातलं काहीतरी रिकामं करतं. रावजींना वाटलं, जाणता मिस्त्री घरात पुन्हा पुन्हा येणारं ते काडतूस एकदाचं काढील आणि सुटका होईल. आधी सांगितलं असतं तर मी आलो नसतो, म्हणून सांगितलं नाही.

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. काय उपयोग! विमलेला यातलं काही सांगितलेलं नाही. आधीच्या दोन वेळी तिची काय दशा झाली होती ती मी बघितली आहे.

२६ नोव्हेंबर

रावजी आणि मी होडीतून पार बाहेर गेलो आणि पिस्तूल समुद्रात टाकलं. बुडताना बघितलं. घरी येऊन आंघोळ केली. फार हलकं वाटलं.

मग त्याची पेटी आवरायला घेतली. आत बघितलं, बोट फिरवलं, आणि तोंडातून गेलं. घर रिकामं. पिस्तूल नाही, तरी गेलं.

तांदळाची कणगी. सकाळी गळ्यापर्यंत भरलेली होती.

२७ नोव्हेंबर

ते आता पिस्तुलात नाही. माझ्या जिभेवर आहे.

डबा, फडताळ, हंडा, जिथे नजर जाते तिथे बोट आपोआप चाचपतं, आणि मग — दोनदा जीभ दातांत धरली. तिसऱ्यांदा निसटलं. विमलेची कुंकवाची डबी. तिला वाटतंय तिच्याच हातून सांडलं.

कोंबड्या अंगणात. विहीर दारात. कणगी घरात. डबी तिच्या उशाशी.

जवळ येतंय.

२८ नोव्हेंबर

एकटाच निघालो, राजापूरच्या रस्त्याने. तिच्यापासून लांब गेलो म्हणजे तरी — दोन कोसांवर धाकू गाडीवानाने गाठलं. विमलेच्या पोटात दुखतंय, बोलावलंय. परतलो.

यमुनाबाई सुईण म्हणते बाळ चांगलं आहे, पण आठ दिवस बाईला सोडून कुठे जायचं नाही, आणि बोटीचं तर नावच नको.

तोंडात फडकं कोंबलं, वरून पंचा घट्ट बांधला. दाढ दुखते, असं खुणेने सांगितलं.

२९ नोव्हेंबर, सकाळ

फडक्यात शब्द जिरतो. चारदा आला, चारदा जिरला. काही झालं नाही. मोठ्याने म्हटलं तरच —

अजून दोन महिने. देवा, एवढे दोन महिने मला मुका ठेव.

दुपार

मालनबाई यमुनाबाईकडे काढा आणायला गेली. विमला निजलेली. मी शेजारी बसून लिहितोय. हात गुंतलेला बरा.

जागी झाली. बाळ लाथा मारतंय म्हणते. माझा डावा हात ओढून पोटावर ठेवला. हललं. केवढ्या जोरात —

डोळ्यांनी बघितलं. बोटाने चाचपलं.

जीभ उठली —

ती म्हणते, कालपासून तुमचा आवाज ऐकला नाही, बाळाशी तरी एक शब्द बोला. पंच्याच्या गाठीला हात घालते आहे. मान हलवतो, ती ऐकत नाही. ढकलू कशी तिला, या अवस्थेत — मला जागचं उठवत नाही — वही पुढे धरली. हे बघ. हे सगळं. वाच, विमले —

तिला वाचता येत नाही.

हसते आहे. गाठ सुट—