माफीच्या दोन ओळी

मी फेनेलों क्लेर्व्हो, वय एकाहत्तर, धंदा शिंपीकाम, राहणार मोर्न-क्लेर, जाक्मेलच्या वरचा डोंगर, हैती. शरीर थकलं आहे, पण डोकं जागेवर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी असा कागद केलेला नाही.

१. राहतं घर, पायमशीन, मोठी कात्री आणि कोळशाची इस्त्री माझी मुलगी मिरलांद हिला मिळावी. ती राजधानीतल्या कारखान्यात परदेशी दुकानांसाठी शर्टांच्या बाह्या जोडते, दिवसभर फक्त उजव्या. अख्खा शर्ट शिवायला मी तिला शिकवलं आहे. ते तिने विसरू नये.

२. दुकानाची खोली विकून माझं दफन करावं. ती बंद का पडली, हे नोंदवून ठेवतो. परदेशातल्या एका चर्चची मंडळी आमच्या चर्चला जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवू लागली. माझ्या दोऱ्याच्या किमतीत लोकांना शर्ट मिळू लागला. चर्चचा वडील, म्हणजे पंच, म्हणून गाठोडी वाटायला मीच असायचो. एका नाताळात मिरलांदने त्यातला एक शर्ट उचलला, कॉलरमधली छापील पट्टी पाहिली आणि म्हणाली, "बाबा, हा आमच्याच कारखान्यातला. कोणीतरी वापरून टाकून दिलाय."

पुढच्या रविवारी त्या परदेशी मंडळीतले पाहुणे चर्चमध्ये समोर बसलेले असताना मी उभा राहिलो. म्हणालो, "तुम्ही आम्हाला भाऊ म्हणता. मग भावाच्या मुलीला पुरेशी मजुरी द्या, असं तुमच्याकडच्या दुकानदारांना सांगा. वापरून टाकलेलं आम्हाला नको." दोन महिन्यांत गाठोडी थांबली. त्याच मंडळीकडून येणारं शाळेतल्या पोरांचं दुपारचं जेवणही थांबलं.

३. पास्टर एक्झ्युमे यांच्याशी माझा वाद आहे. जेवण थांबलं तेव्हा ते घरी आले, पण बसले नाहीत. म्हणाले, "फेनेलोंभाऊ, दोन ओळी लिहून द्या. चुकलो, एवढंच. साठ पोरं आहेत." खोटी माफी मी लिहिणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माझं वडीलपण काढून घेतलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण शाळेचं स्वयंपाकघर सांभाळणारी लिफेत भर बाजारात मला म्हणाली, "मास्तर, तुमचं खरं बोलणं पोरांच्या ताटात वाढू का?" त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी बोललो ते बरोबरच होतं. त्या वर्षी बारा पोरांनी शाळा सोडली, हेही घडलं. दोन्ही घेऊन मी देवापुढे जाईन.

४. घरामागची जमीन, नीरफणसाची चार झाडं आणि रताळ्याच्या शेताचा तुकडा शाळेच्या स्वयंपाकघराला द्यावा. कारभार लिफेतने पाहावा. भिंतीवर माझं नाव लावू नये. लिफेत दफनाला आली नाही तर तिला कोणी बोल लावू नये.

सही: फेनेलों क्लेर्व्हो
मोर्न-क्लेर, ११ मार्च २०१४

साक्षीदार: इझमेनी तिमोते, शिक्षिका

साक्षीदार: पास्टर एक्झ्युमे द्व्येसेल. सहीआधी कबूल करतो की माफीच्या त्या दोन ओळी फेनेलोंभाऊंच्या नावाने मीच लिहून परदेशातल्या मंडळीला पाठवल्या होत्या. त्या मंडळीचं उत्तर आलं नाही.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. पास्टरांची सही राहू द्यावी. कलम चार आहे तसंच ठेवावं.
फेनेलों क्लेर्व्हो