पाळणा कोरलेला दगड

प्रिय रत्ना,

फोनवर हे बोलणं जमायचं नाही, म्हणून लिहायला बसले. तुझे दादा बरे आहेत. गुडघ्यांच्या नावाने शंख चालू असतो, बाकी खाणंपिणं झकास.

आमचं ते गेलेलं पहिलं बाळ मला अजून सोडत नाही गं. दिवेलागणीला मोरीच्या बाजूने बारीक कण्हल्यासारखं ऐकू येतं आणि या वयातही छाती दाटते, पान्हा फुटल्यासारखी. पूर्वी मी घाबरायचे. आता भीती एवढीच, की मी गेल्यावर ते कुणापाशी रडेल?

मागे नात, जान्हवी, मला एक्सरचे वीरगळ दाखवायला घेऊन गेली. लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड. आयुष्य बोरिवलीत गेलं, पण मेले पाय कधी तिकडे वळले नव्हते! खाली होड्या, लढाई, वर स्वर्ग. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्याची एवढी आठवण, आणि माझ्या पोराच्या अंगावर साधा धोंडा, तोही कुत्र्यांनी उकरू नये म्हणून! तिथेच मटकन बसून रडले.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, जागा दाखवा. बायकांनी जायचं नसतं म्हणून जन्मभर गप्प बसवलं होतं मला. या वेळी मात्र ह्यांनी लगेच चपला घातल्या. आरे कॉलनीत, हे कामाला होते त्या तबेल्यामागे, आदिवासी पाड्याच्या कडेला उंबराखाली. धोंडा अजून आहे. पाड्यावरचे लोक म्हणाले, खुशाल दगड उभा करा.

अंधेरीत कबरींचे दगड घडवणारा अंबादास आहे, त्याच्याकडून पाळणा कोरून घेतला. लढाई कसली कोरणार, दूध पिण्यापलीकडे बाळाने केलं काय! पण खाली नाव काय घालू, असं अंबादासने विचारलं आणि माझी वाटच लागली. बारशाच्या आदल्या दिवशी गेलं ना ते. सासूबाईंनी बजावलं, आता नाव ठेवू नका, नाव ठेवलं की मागे वळून बघतं. हे म्हणतात, काहीही घाल. असं कसं काहीही घालू?

नाव आत्याने ठेवायचं. तू ठरवलंही होतंस, गालातल्या गालात हसत होतीस आणि कुणाला सांगत नव्हतीस. नंतर मी विचारलं नाही, तूही बोलली नाहीस. आता ते नाव हवंय मला. पण फोनवर नको, चिठ्ठीतही नको. मुलुंडहून ये, उंबराखाली वाक आणि त्याच्या कानात कुर्र कर. मी लांब उभी राहीन. आधी त्याला कळू दे.

तुझीच,
जयंतीवहिनी