पिशवी घरी ठेवून

३ फेब्रुवारी

चि. मास्तरांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बसमध्ये उभं राहावं लागलं, पण तुझ्या वर्गात पंधरा दिवस बसून बसून पाठ धरली होती, तेव्हा ते बरंच झालं. डॉक्टर होऊन तू सुई टाकलीस आणि खडू धरलास याचं मला इतकी वर्षं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. फक्त थोरल्या बहिणीला सगळ्यांदेखत तुमचं उत्तर चूक म्हणालास ना सिस्टर सिस्टर करत, ते मी विसरलेले नाही. लहानपणी पाढे कुणी पाठ करून घेतले होते ते तूही विसरू नकोस.

आल्या आल्या काम सुरू केलं. बाळंतिणीला आम्ही घरी पाठवतो आणि दीड महिन्यानं आरोग्य केंद्रात बोलावतो. मधल्या दीड महिन्यात तिचं काय होतं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं. इतकी वर्षं नोकरी केली, पण हा प्रश्न विचारायचा असतो हे तुझ्या वर्गात कळलं. पहिल्या आठवड्यात घरी जाऊन तपासलं तर फरक पडतो का, हे आता वर्षभर पाहायचं. सगळ्या गल्ल्यांत जायला माझे पाय दोनच, म्हणून तू शिकवल्याप्रमाणे डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या गल्ल्यांत घरभेट, निम्म्यांत नेहमीसारखं. फरक दिसला तर वरचं ऑफिस आणखी नर्स देईल आणि घरभेटी सगळीकडे सुरू होतील, हे तुझेच शब्द. तेवढ्यावर मी कंबर कसली आहे.

आता गंमत ऐक. आपल्या धाकटीची गल्ली नेहमीसारख्यांत निघाली! तिला आठवा महिना लागलाय. तिला सांगितलं तर पोट धरून हसली, म्हणाली सख्खी बहीण नर्स आणि आमच्याकडे दिव्याखाली अंधार. मी तिच्याकडे जावं की नाही, ते तेवढं कळव. नियम मोडल्याचं खापर माझ्या डोक्यावर नको.

जेवण वेळेवर घेत जा. लोभ आहे, तो पत्रं लिहून टिकव.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र वर्गात वाचून दाखवलं. पाढ्यांचा भाग गाळला.

धाकटीकडे रोज जा, तिथे चहा पी, तिच्या नवऱ्याच्या छापखान्यातल्या गप्पा ऐक. बहीण म्हणून कोण अडवणार? नर्स म्हणून मात्र जाऊ नकोस. सोपा उपाय सांगतो: पिशवी घरी ठेवून जा. बीपीचं मशीन नाही, थर्मामीटर नाही, काही नाही. हात रिकामे असले की मोह होत नाही.

हे मी उगाच ताणत नाही. गेल्या वर्षीच्या तुकडीतल्या एका सिस्टरनी मायेपोटी दोन्हीकडच्या बायका तपासल्या. वर्षाअखेर दोन्हीकडचे आकडे सारखे आले. वरच्यांनी निष्कर्ष काढला की घरभेटींचा काही उपयोग नाही, आणि ज्या होत होत्या त्याही बंद केल्या. तिची वर्षभराची पायपीट पाण्यात गेली आणि नुकसान झालं ते त्याच बायकांचं. तू धीट आहेस, पण मऊ आहेस, म्हणून आधीच सांगतो.

धाकटीला म्हणावं मामा खुळखुळा घेऊन येतोय. तुझा राग असू दे, पण मायाही तेवढीच असू दे.

तुझा,
मास्तर


२१ मार्च

चि. मास्तरांस,
अनेक आशीर्वाद.

मामा झालास! मुलगी आहे. केंद्रातच बाळंत झाली, डॉक्टरीणबाई होत्या, काही त्रास झाला नाही. नाक तुझ्यावर गेलंय, पण वाढत्या वयात सुधारेल असं सगळे म्हणतात. तुझे मेहुणे छापखान्यातून शाईचे हात न धुताच धावत आले आणि मी त्यांना दारातच अडवलं.

कामाचं सांगते. घरभेटींच्या गल्ल्यांत मला आतापर्यंत तिघी जणी अशा सापडल्या की त्यांचं बीपी बाळंतपणानंतर चढलं होतं आणि त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. तिघींना वेळेत मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आता तिघी बऱ्या आहेत. तुझ्या वर्गाचं चीज झालं.

काल धाकटीकडे गेले. तू सांगितल्याप्रमाणे पिशवी घरी ठेवून गेले. ती पडून होती. डोकं दुखतंय म्हणाली, बाळ झोपू देत नाही म्हणून असेल असंही तीच म्हणाली. पाय मला जरा सुजल्यासारखे वाटले. खोलीत उजेड कमी होता. मशीन हाताशी असतं तर एका मिनिटाचं काम होतं. ते आणायला घरी निघालेसुद्धा, कोपऱ्यापर्यंत गेले, मग तुझी ती सिस्टर आठवली आणि परत फिरले. नेहमीसारख्या गल्लीतल्या बाईला आपण काय सांगतो? बरं वाटत नसेल तर केंद्रात या. तेच तिला सांगितलं. ती म्हणाली, नवऱ्याची पाळी बदलली की दोन दिवसांत येते.

मी बरोबर केलं ना रे? उलट टपाली उत्तर दे. आज लोभाचं वेगळं लिहीत नाही.

तुझी ताई


२५ मार्च

ताई,

तुझं पत्र आत्ता मिळालं. पोस्टात उभा राहून तार केली आहे, तिच्या मागोमाग हे लिहितोय. पिशवी घे आणि जा. आत्ताच्या आत्ता जा. तुलना निरोग्यांसाठी असते, आजारी माणसासाठी नियम नसतो. समोर दुखणं दिसलं की गल्ली कुठली हे पाहायचंच नाही. हे मी शेवटच्या तासाला सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. तिला मोठ्या दवाखान्यात ने.

मास्तर


१४ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

तिथे चार दिवस होतो आणि तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तूही बोलली नाहीस. बाळाला घेऊन बसलेल्या मेहुण्यांकडे पाहायची हिंमत झाली नाही. खुळखुळा तसाच परत आणला आहे.

परत आलो तर या कामावर देखरेख करणाऱ्या आमच्या मंडळींची बैठक ठेवलेली. तुझ्या केंद्राचं काम वर्षभर चालवू नये, आताच मोजदाद करून निर्णय घ्यावा असं मी मांडलं, आणि ते मान्य झालं. पण धाकटीवरून वाद झाला. काहींचं म्हणणं, नर्स तिच्या घरी गेली होती, मग ती धड घरभेटीतली नाही आणि धड नेहमीसारख्यातलीही नाही. तिला मोजदादीतून वगळावं. मला खरं विचारशील तर तेच बरं वाटलं. आपल्या धाकटीला आकडा करणं मला जमत नाही. तुझी हरकत नसेल तर तसंच होऊ देतो.

शेवटचा तास मी पाव तासात उरकला होता. सगळ्यांना बस गाठायची होती, मलाही कंटाळा आला होता. हे तुला सांगितल्याशिवाय झोप येत नाही.

लोभाचं कुठल्या तोंडानं मागू?

तुझा,
मास्तर


२२ एप्रिल

चि. मास्तरांस,
आशीर्वाद.

तुझी तार आली तेव्हा धाकटी गेलेली होती. त्या दिवशी सकाळी आकडी आली, शेजारणीनं तिला केंद्रात आणलं, आणि मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला तो तेव्हा पहिल्यांदा. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच संपली. तारेचा कागद माझ्या कपाटात आहे. टाकून द्यायचा धीर होत नाही.

आता तुझ्या बैठकीचं. मी तिच्या घरी गेले होते, नर्स गेली नव्हती. मी तिच्या पायावर बोट दाबूनसुद्धा पाहिलं नाही, कारण ते तपासणं झालं असतं. तिला नेहमीसारखंच मिळालं, अगदी तू सांगितलंस तसं. आणि आता तुम्ही तिला तिथूनही काढता? जिवंतपणी तिला गल्लीत मोजलीत ना? मग मेल्यावर का नको? तिला वगळलंत तर दोन्हीकडे सगळं आलबेल दिसेल, आणि तुझे वरचे पुन्हा म्हणतील की घरभेटींचा उपयोग नाही. मग ती कशासाठी गेली? मोज तिला. जड गेलं तरी मोज.

तुझ्यावर रागावले आहे. स्वतःवर त्याहून जास्त. पट्टीची नर्स मी, सुजलेले पाय ओळखायला मला कुणा मास्तरची परवानगी लागायला नको होती. पुढच्या तुकडीला तो शेवटचा तास पहिल्या दिवशी घे आणि मला बोलाव. मी येऊन सांगेन.

प्रकृतीला जप. आता आपण दोघंच उरलोय.

तुझी ताई


१८ ऑक्टोबर

चि. मास्तरांस,
अनेक आशीर्वाद.

वर्गाहून सुखरूप पोचले. मी बोलत असताना तू खिडकीशी पाठ करून उभा होतास, ते मी पाहिलं. मुली मात्र नीट ऐकत होत्या. एकीनं जाताना विचारलं की दोन्हीकडच्या गल्ल्यांतून मोठ्या दवाखान्यात कुणाला पाठवायचं, हे कुणी ठरवायचं. चांगला प्रश्न आहे, उत्तर तू शोध.

धाकटीला धरून झालेल्या मोजदादीवर ऑफिसचा हुकूम आलाय. दोन नव्या नर्स रुजू झाल्या, घरभेटी आता सगळ्या गल्ल्यांत, आणि बाळाचं वजनही दर महिन्याला घरी जाऊन. धाकटीची गल्ली मी मागून घेतली.

काल गेले. पिशवी पाहून तुझ्या मेहुण्यांनी विचारलं की आज पिशवी कशी काय, त्या दिवशी आलात तेव्हा नव्हती. रागानं नाही, सहज. या प्रश्नाला मी इतके महिने भीत होते. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. नाही नेली. चिठ्ठ्या, गल्ल्या, तुझं पत्र, कोपऱ्यावरून परत फिरले ते, सगळं सांगितलं. ते बराच वेळ मुलीचं टोपडं सारखं करत राहिले. मग म्हणाले, म्हणजे डब्यातून दुसरी चिठ्ठी निघाली असती तर ती असती. मी हो म्हटलं.

त्यांनी मुलगी माझ्या हातात दिली नाही. स्वतःच काट्यावर ठेवली, आणि वजन लिहून घ्या म्हणाले. मुलगी चांगली भरली आहे. नाक अजून तुझंच आहे.

निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. तू इतक्यात येऊ नयेस. आणि मीही यायचं ते केंद्राच्या कामापुरतं, महिन्यातून एकदा, पिशवी घेऊन. एरवी नाही.

तेव्हा आता तसं जाते. लोभ आहे, त्याला मी काही होऊ देणार नाही.

तुझी ताई