हवेतली चाकं

सोमवार, ३ जून. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मोठा माणूस झाल्यावर वेळ मिळणार नाही.
ताई नोकरी करते त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत शिकाऊ ड्रायव्हरची एकच जागा आहे. टेस्ट खऱ्या ट्रकवर नाही, सिम्युलेटरवर. म्हणजे गेमच. म्हणजे जागा माझीच. गेममध्ये माझे चार लाख किलोमीटर झालेत. बाबांना विचारलं, तुम्ही खऱ्या ट्रकवर आयुष्यात किती केले? म्हणाले, मोजायला फुरसत नव्हती, चालवत होतो.
ताईनं साहेबांना शब्द दिलाय, भाऊ हुशार आहे म्हणून. मला वेगळं सांगितलं. नापास झालास तर ऑफिसात मला तोंड दाखवायला जागा नाही, आणि तुझी रवानगी काकांच्या गादी कारखान्यात.
कापूस! नुसत्या नावानं शिंका येतात. हे लिहितानाच दोन आल्या.
संकल्प: रोज सहा तास सराव.

मंगळवार, ४ जून.
सराव: पाऊण तास. बाकी वेळ ट्रक रंगवण्यात गेला. जांभळा. दोन्ही बाजूंना ज्वाळा.
ताईनं टेस्टचा कागद आणला. माल भरलेला ट्रक. 'लिफ्ट अ‍ॅक्सलचा प्रकार उमेदवाराने निवडावा व कारण सांगावे.' लिफ्ट अ‍ॅक्सल म्हणजे चाकांची जादा जोडी. माल भरला की खाली, गाडी रिकामी असली की हवेत. एवढं येतं. पण त्याचे प्रकार असतात हे चार लाख किलोमीटरमध्ये कुणी बोललं नाही.

बुधवार, ५ जून.
प्रकार तीन. इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्या पुढे बसतो तो पुशर. मागे बसतो तो टॅग. तिसरा सेल्फ स्टिअर, तोही मागेच, पण वळणावर त्याची चाकं आपोआप वळतात. कुणी न सांगता! माझ्यासारखाच. ठरलं, हाच घ्यायचा. कारण काय सांगायचं ते ऐनवेळी सुचेल.
आईला समजावं म्हणून जेवणाच्या टेबलाचा एक पाय उचलून दाखवला. रिकामं असतानाच उचलायचा, हे विसरलो. पातेलं बाबांच्या मांडीवर. बाबा मांडी पुसत एवढंच म्हणाले, रिव्हर्स येतो का, राजे?
जुन्या माणसांना मागे जायची भारी हौस. ट्रक पुढे जायला असतो.

शुक्रवार, ७ जून.
कंपनीत जाऊन सिम्युलेटर बघून आलो. तीन स्क्रीन, फाटकी सीट. शिकवणारे उस्ताद पंचवीस वर्षं ट्रकवर होते, आता मशीन सांभाळतात. त्यांनी माहितीपुस्तिका दिली आणि म्हणाले, सगळं यात आहे, वाचा. जाड आहे. सीटवर ठेवून बसलो, समोरचं मस्त दिसलं.
दुसरा उमेदवार एक चष्मिस आहे. गरीब गाय. सगळं वहीत लिहितो. माझे चार लाख ऐकून डोळे विस्फारले त्याचे. पुस्तिका माझ्याखाली असल्यामुळे त्यानं मलाच विचारलं, दादा, कुठला अ‍ॅक्सल घेऊ? मागे घेताना त्याचं काय करू?
अशी संधी कोण सोडतो! तोंड सरळ ठेवून सांगितलं, सेल्फ स्टिअर घे, आणि रिव्हर्स टाकायच्या आधी अ‍ॅक्सल उचल. माल भरलेल्या गाडीचा! उस्ताद त्याला तिथल्या तिथे हाकलणार. त्यानं लिहून घेतलं. खाली पट्टीनं रेघ मारली. मी संडासात जाऊन हसलो.

शनिवार, ८ जून. दुपारी.
घात. टेस्टच्या कागदाला मागची बाजूही आहे. 'ट्रक मागे घेऊन गोदामाच्या धक्क्याला लावणे: ६० गुण.' बाकी सगळं मिळून ४०.
गेममध्ये पोचल्यावर दोन बटणं येतात. 'स्वतः लावा' आणि 'स्किप'. मी वेळ वाया घालवणाऱ्यातला नाही. चार लाख किलोमीटरमध्ये एकदाही नाही. हे कुणाला सांगायचं नाही. रोजनिशीलाही सांगायचं नव्हतं.
आज 'स्वतः लावा' दाबलं. अकरा वेळा भिंत. ज्वाळा चेपल्या. मग स्किप.

रविवार, ९ जून.
बाबांना सहज म्हटलं, माझ्या एका मित्राला रिव्हर्स येत नाही. बाबा म्हणाले, मित्राला म्हणावं आज दिवसभर मोकळा आहे, दोन खुर्च्या मांडून शिकवतो.
मित्राला स्वाभिमान आहे. मित्र नको म्हणाला.
तीन वेळा शिंकलो. घरात कापूस नाही.

सोमवार, १० जून. दुपारी ३.
टेस्ट देऊन आत्ताच आलो.
पहिला नंबर माझा. सेल्फ स्टिअर का, विचारल्यावर म्हटलं, स्वभाव जुळतो. उस्तादांनी काहीतरी लिहिलं. पुढे जाताना ४० पैकी ३७. काचेपलीकडून ताई बघत होती, हसलीसुद्धा.
मग रिव्हर्स. पुढे जाताना इतकी शहाणी असलेली चाकं मागे जाताना फिरली. वाट फुटेल तिकडे. धक्का राहिला बाजूला, आधी वॉचमनची खोली पाडली, मग ऑफिस. स्क्रीनवरचं. ताई हसायची थांबली.
उस्तादांनी विचारलं, अ‍ॅक्सल का नाही उचलला? मी ऐटीत म्हणालो, माल भरलाय. ते म्हणाले, अरे बाबा, मुंगीच्या चालीनं चार पावलं मागे घ्यायला काही होत नाही. सेल्फ स्टिअर रिव्हर्सला उचलायचाच, नाहीतर चाकं भलतीकडेच वळतात. पान तिसरं. वाचलं नाहीस?
मी पुस्तिकेवरून उठलो.
मग चष्मिस. अ‍ॅक्सल उचलला, एका दमात धक्क्याला. उस्तादांनी खूश होऊन विचारलं, कुणी शिकवलं? त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्याही.

मंगळवार, ११ जून.
ताई बोलत नाही. ऑफिसात तिला विचारतात म्हणे, भाऊ इमारती पाडायची कामं घेतो का?
चष्मिस घरी आला. जागा त्याला मिळाली. मला गुरू म्हणाला. वाकून नमस्कार करत होता, आवरला. बाबा इतके हसले की त्यांची पाठ धरली.
ठरवलंय: गेम बंद. उद्यापासून नवं आयुष्य.

बुधवार, १२ जून.
गादी कारखाना. शिंका: एकतीस, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
काकांनी कापसाच्या गाठींची ढकलगाडी दिलीये. गोदामाचं दार अरुंद, म्हणून गाडी उलटीच आत न्यायची. चौकटीला चार वेळा ठोकली. काका म्हणाले, ताईनं सांगितलं होतं तू यात हुशार आहेस.
खाली वाकून बघितलं. गाडीची मागची दोन चाकं आपोआप वळतात.
उचलता येत नाहीत.