जितेश म्हसकर यास वडिलांच्या ताब्यात न देण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
पोलीस ठाणे, बदलापूर.

अर्जदार: श्रीमती माधवी विलास केणे, वय ४७, शिलाईकाम, रा. कुळगाव.

विषय: भाच्याला पळवल्याच्या तक्रारीवर खुलासा व विनंती.
संदर्भ: श्री. महेश म्हसकर, रा. अंबरनाथ, यांचा अर्जदाराविरुद्धचा तक्रार अर्ज.

महोदय,

१. श्री. महेश हे अर्जदाराची धाकटी बहीण किर्ती हिचे यजमान. मेहुणीने आपल्या मुलाला व्यसनमुक्ती केंद्रातून फूस लावून पळवले, असे ते म्हणतात. मुलगा जितेश बावीस वर्षांचा असून त्याला दाढी आहे. अर्जदाराने त्याला भर दुपारी, सर्वांदेखत, हाताला धरून बाहेर आणले. याला पळवणे म्हणत असल्यास अर्जदाराचा नाइलाज आहे.

२. जितेश नशा करतो, हे अर्जदार नाकारत नाही. दहावीत असताना खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, मग गोळ्या, मग गर्द. अर्जदाराचे पोट ज्यावर चालते ते शिलाई मशीनही त्याने उल्हासनगरला नेऊन विकले. त्या दिवशी अर्जदार इतकी ओरडली की शेजारी गोळा झाले. "का घेतोस रे मेल्या?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "मावशी, ते घेतलं ना, की पप्पांचा आवाज एकदम लांबून येतो."

३. तो आवाज कसला, हे नमूद करणे भाग आहे. जितेश तिसरीत असल्यापासून पाढा चुकला की श्री. महेश त्याला गॅसच्या जुन्या नळीने मारत, ओल्या कपड्यांत मोरीत कोंडत आणि बाहेरून विचारत, "आठ साते?" आतून उत्तर आल्याशिवाय कडी निघत नसे. एकदा कोपर मोडले. दवाखान्यात सांगितले, सायकलवरून पडला. त्या घरात सायकल कधीच नव्हती. अर्जदाराने जाब विचारला तेव्हा, "पोर माझं आहे, मी बघीन," म्हणून तिलाच घर बंद केले. त्यांनी काय बघितले, ते आज सर्वांपुढे आहे.

४. श्री. महेश यांनी जितेशला ठेवलेल्या केंद्रात गेल्या रविवारी पालक मेळावा होता; अर्जदारही तेथे गेली होती. तेथे श्री. महेश यांचा 'खंबीर पालक' म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ते म्हणाले, "माझी एकच चूक झाली. मार कमी पडला." टाळ्या पडल्या. मग त्यांनी माईक नीट करायला हात वर केला मात्र, मधल्या रांगेतला जितेश दोन्ही हातांनी डोके झाकून खुर्चीखाली शिरला. लोक हसले. केंद्राचे समुपदेशक म्हणाले, "नाटकं पुरे, ऊठ!"

अर्जदार उठली. खाली वाकून त्याला म्हणाली, "येतोस?"

तो म्हणाला, "पप्पा सोडतील?"

"त्यांना विचारतंय कोण!"

५. सध्या त्याच्यावर सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत. तो थरथरतो, उलट्या करतो, अर्जदाराला शिव्या देतो. परवा खिडकीची काच फोडली. बरा होईलच, असे डॉक्टरही म्हणत नाहीत. मात्र त्यांनी लहानपणाबद्दल विचारताच त्याने प्रथमच सगळे सांगितले. किर्ती नवऱ्याच्या नकळत मुलाला भेटायला आली होती, ती शेजारीच बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "मी टीव्ही मोठा करायचे." जितेशने तिच्याकडे बघितले नाही. पण तिने धरलेला हात सोडवूनही घेतला नाही.

६. तरी जितेशचा जबाब वडिलांच्या गैरहजेरीत घ्यावा, त्याला त्यांच्या वा केंद्राच्या ताब्यात देऊ नये, आणि लहान पोराला झालेल्या मारहाणीबद्दल श्री. महेश यांनाही काही विचारावे. आजवर त्यांना कोणी काहीच विचारलेले नाही. किर्ती जबाब द्यायला तयार आहे. ती त्या दिवसापासून अर्जदाराकडेच असून परत जाणार नाही म्हणते. तेव्हा आता बायको पळवल्याची तक्रार येईल. तिचाही खुलासा याच अर्जात समजावा.

आपली नम्र, पण संतापलेली,
माधवी विलास केणे
दि. १७ जानेवारी २०२५

सोबत:
जितेशच्या आधार कार्डाची प्रत (वयाकरिता)
रुग्णालयाचा केसपेपर